जवान, सुभेदार आणि अधिकारी : सैन्याचे वेगवेगळे दरवाजे

भारतीय भूदलाच्या गणवेशात खांद्यावर प्रत्येकी दोन तारे असलेल्या दोन व्यक्ती शेजारी उभ्या असतील, तर अनोळखी नजरेला त्यांच्यात वयापलीकडे फारसा फरक दिसत नाही. नीट पाहिले, की एकाच्या ताऱ्यांशेजारी लाल-पिवळ्या-लाल रंगांची अरुंद आडवी फीत असल्याचे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ती नसल्याचे लक्षात येते. फीत असलेले ते सुभेदार, ज्यांच्या गाठीशी बहुधा वीस-पंचवीस वर्षांची नोकरी असते. फीत नसलेला तो लेफ्टनंट, ज्याला प्रबोधिनीतून बाहेर पडून कदाचित सहा महिनेही झालेले नसतात. तरीही कायद्याने लेफ्टनंट वरिष्ठ असतो, सुभेदार त्याला सलाम करतात, आणि तोही त्यांना कधी नुसत्या नावाने किंवा एकेरीत हाक न मारता ‘सुभेदार साहब’ म्हणूनच संबोधतो. वय आणि अनुभव एका बाजूला, अधिकार दुसऱ्या बाजूला आणि आदर दोन्ही बाजूंना, अशी ही रचना बाहेरच्या माणसाला कोड्यासारखी वाटते. परंतु ज्या घरातील मुलाला किंवा मुलीला सैन्यात जायचे आहे, त्या घराने ती अर्ज भरण्याआधीच समजून घेणे फार गरजेचे आहे.

याचे कारण असे, की महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘मिलिटरीत लागला’ या एकाच शब्दप्रयोगात सैन्यातील सगळ्या नोकऱ्या गोळा केल्या जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे पाठवणाऱ्या गावांत हा फरक घरोघरी ठाऊक असतो. इतरत्र मात्र पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले ‘भरती’ हा एकच दरवाजा ओळखतात. त्यांपैकी कित्येक जण बारावी झालेले असतात, वयाने साडेएकोणीसच्या आत असतात, आणि ज्या वर्षी ते जवानांच्या भरतीचा अर्ज भरतात त्याच वर्षी अधिकारी होण्यासाठीची परीक्षा देण्यासही पात्र असतात. हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, ही खरी हानी आहे. कारण हा दरवाजा वयाने बंद होतो आणि एकदा बंद झाला, की नंतर त्याच मार्गाने आत जाता येत नाही.

तीन स्तर आणि त्यांची नावे

भूदलातील मनुष्यबळाचे तीन स्तर मानले जातात. पहिला स्तर जवानांचा. सेनेच्या परिभाषेत त्यांना ‘अदर रँक्स’ म्हणतात आणि त्यांत सिपाही, लान्स नायक, नायक व हवालदार हे हुद्दे येतात. नायकाच्या बाहीवर दोन आणि हवालदाराच्या बाहीवर तीन व्ही-आकाराच्या फिती असतात. सिपाही हा सर्वसाधारण शब्द असून तोफखान्यात त्यालाच गनर, अभियंता दलात सॅपर, रायफल पलटणींत रायफलमन आणि रणगाडा दलात सवार म्हटले जाते. दुसरा स्तर कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्यांचा, ज्यांना सगळे सैन्य ‘जेसीओ’ या आद्याक्षरांनीच ओळखते; नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे त्यातील तीन हुद्दे होत, तर रणगाडा दलात त्यांच्याच जागी नायब रिसालदार, रिसालदार व रिसालदार मेजर असे शब्द वापरतात. तिसरा स्तर कमिशन्ड अधिकाऱ्यांचा : लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल आणि जनरल.

‘कमिशन’ म्हणजे राष्ट्रपतींच्या नावाने दिलेली अधिकाराची सनद. मराठी वर्तमानपत्रांत ‘सनदी अधिकारी’ हा शब्द प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्यांसाठी रूढ झाल्यामुळे सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी तो वापरता येत नाही, पण कल्पना सनदेचीच आहे. जवान सैन्यात ‘भरती’ होतो, म्हणजे त्याची नावनोंदणी होते आणि प्रशिक्षण पुरे झाल्यावर कसम परेडमध्ये तो शपथ घेतो; अधिकारी भरती होत नाही, त्याला सनद ‘मिळते’. १९५० च्या सेना अधिनियमात ‘अधिकारी’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यातून जेसीओंना स्पष्टपणे वगळलेले आहे, आणि म्हणूनच नावात ‘अधिकारी’ हा शब्द असूनही जेसीओ हा स्वतंत्र स्तर ठरतो. जेसीओ हे पद राजपत्रित आहे, प्रतिष्ठेचे आहे, आणि काही मोजके थेट प्रवेश (उदाहरणार्थ धर्मगुरू किंवा खानपान विभागातील पदे) सोडले तर ते जवानांमधूनच पदोन्नतीने भरले जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की सिपाही म्हणून दाखल झालेल्या व्यक्तीची नेहमीची शिडी सुभेदार मेजर या हुद्द्यापाशी संपते, आणि लेफ्टनंट म्हणून दाखल झालेल्या व्यक्तीची शिडी तिथून सुरू न होता वेगळ्याच भिंतीला लावलेली असते.

या हुद्द्यांच्या नावांत मराठी वाचकाला ओळखीचे बरेच काही सापडेल. नायक आणि हवालदार हे शब्द शिवकाळातील पायदळात होते : सभासदाच्या बखरीत दहा माणसांच्या तुकडीवर नायक, पाच नायकांवर हवालदार आणि त्याच्यावर जुमलेदार अशी उतरंड सांगितली आहे, आणि गडाचा प्रमुख अधिकारीही हवालदारच म्हणवला जाई. कंपनी सरकारने आपल्या पलटणी उभारताना देशी हुद्द्यांची ही नावे उचलली, त्यांच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांचा थर बसवला, आणि या दोन थरांना जोडणारा दुवा म्हणून सुभेदार व जमादार यांना ठेवले. ब्रिटिश अमदानीच्या उत्तरार्धात त्यांना व्हाइसरॉयची सनद मिळत असे, पण कितीही ज्येष्ठ सुभेदार हा सर्वांत नवख्या इंग्रज लेफ्टनंटाच्या खालीच राही. भारतीयांना पूर्ण अधिकारपद मिळण्यास पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरुवात झाली आणि १९३२ मध्ये देहरादूनची इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाल्यावर तो प्रवाह मोठा झाला. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉयची सनद जाऊन जेसीओ हे नाव आले, १९६५ मध्ये ‘जमादार’चे ‘नायब सुभेदार’ झाले, पण मधला स्तर कायम राहिला. तो जुन्या राज्यकर्त्यांच्या सोयीतून जन्मला हे खरे असले, तरी तो आज टिकून आहे तो निव्वळ सवयीने नव्हे. पलटणीचे रोजचे काम पाहिले म्हणजे त्याची गरज आपोआप कळते.

पलटणीत कोणाचे काम काय

पायदळाची पलटण, म्हणजे बटालियन, ही साधारण आठशे माणसांची असते आणि तिचे नेतृत्व कर्नल करतो. तिच्यात काही कंपन्या असतात. सुमारे सव्वाशे माणसांच्या कंपनीवर बहुधा मेजर असतो. कंपनीत तीन प्लाटून असतात, प्रत्येक प्लाटून तीसेक माणसांची आणि तिचा प्रमुख सामान्यतः जेसीओ. प्लाटूनच्या पोटात दहा-दहा माणसांचे सेक्शन, आणि सेक्शनचा प्रमुख हवालदार किंवा नायक. एवढ्या मोठ्या पलटणीत कमिशन्ड अधिकारी मात्र जेमतेम वीसेक असतात, ही संख्या लक्षात घेतली म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात : अधिकाऱ्याच्या एका निर्णयावर फार माणसांचे प्राण अवलंबून असतात, आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरवण्याचे सगळे काम जेसीओ, हवालदार आणि नायक यांच्या हातून होते.

अधिकाऱ्याचे काम ठरवण्याचे असते. हल्ला कोणत्या बाजूने करायचा, कोणती तुकडी आधी पाठवायची, तोफखान्याची मदत कधी मागायची, माघार घ्यायची की टिकून राहायचे, हे तो ठरवतो आणि त्याचे उत्तरदायित्व त्याच्याच नावावर राहते. शांततेच्या काळात हेच उत्तरदायित्व प्रशिक्षण, शिस्तीची प्रकरणे, शस्त्रागार, हिशेब आणि माणसांच्या कौटुंबिक अडचणी यांच्या रूपाने समोर येते. जवानाचे काम करण्याचे असते, आणि ‘करणे’ हा शब्द येथे हलका समजू नये. मशीनगन, संदेशवहनाचे संच, रणगाडा, सुरुंग हुडकण्याचे साधन, पूल उभारण्याची सामग्री यांवरचे खरे प्रभुत्व वर्षानुवर्षे तेच काम केलेल्या हवालदाराकडे असते. अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी नव्या जागी बदलून जातो, तर जवानाचा बराचसा काळ एकाच पलटणीत जातो आणि पलटणीची स्मृती त्याच्याजवळच राहते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नायक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत आपल्या सेक्शनमधील सारी माणसे पडल्यावर एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन ते काबीज केले आणि तेथेच प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्षणी तेथे आज्ञा देणारा कोणी अधिकारी नव्हता. दहा माणसांच्या सेक्शनचा प्रमुख म्हणजे काय, हे यावरून कळावे.

सुभेदार या दोघांच्या मध्ये उभे असतात. नव्या लेफ्टनंटाला पलटणीची रीत ते शिकवतात, जवानाच्या घरी काय चालले आहे हे अधिकाऱ्याच्या कानावर घालतात, आणि अधिकाऱ्याची आज्ञा जवानांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचवतात. सुभेदार मेजर हे तर संपूर्ण पलटणीत एकच असतात आणि जवानांसंबंधीच्या प्रत्येक महत्त्वाच्या बाबतीत कर्नल त्यांचा सल्ला घेतो. बुद्धिमान तरुण अधिकारी पहिली दोन वर्षे सुभेदारांचे ऐकतो, आणि याच दोन वर्षांत तो खऱ्या अर्थाने अधिकारी होतो, असे सैन्यात मानले जाते ते अनुभवावर आधारलेले आहे.

राहणी वेगळी असते. अधिकाऱ्यांचा मेस वेगळा, जेसीओंचा वेगळा, जवानांचे जेवण लंगरात, निवासस्थानेही हुद्द्याप्रमाणे. बडाखान्याच्या दिवशी मात्र सगळे एकत्र जेवतात. पालकांनी या भेदाकडे सामाजिक उच्चनीचतेच्या नजरेने पाहू नये, कारण ज्याने आज्ञा द्यायची आणि ज्याने ती पाळायची त्यांच्यात काही अंतर राखण्याची ही जगभरच्या सैन्यांत चालत आलेली पद्धत आहे. तथापि हे अंतर आयुष्यभर सोबत राहणार आहे, याची जाणीव निवड करणाऱ्याला आधीच असावी.

वेतन, बढती आणि सेवेचा काळ

सातव्या वेतन आयोगानुसार सिपायाचे मूळ वेतन तिसऱ्या स्तरावर, म्हणजे २१,७०० रुपयांपासून सुरू होते. नायब सुभेदाराचे ३५,४०० रुपयांपासून, सुभेदार मेजरचे ४७,६०० रुपयांपासून, आणि लेफ्टनंटाचे दहाव्या स्तरावर ५६,१०० रुपयांपासून. याशिवाय ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ म्हणून अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये आणि जेसीओ व जवानांना ५,२०० रुपये मिळतात. महागाई भत्ता, दुर्गम भागातील भत्ते इत्यादी त्यावर. पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या सुभेदार मेजरला वार्षिक वेतनवाढींमुळे प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम नवख्या लेफ्टनंटापेक्षा कमी असेलच असे नाही, परंतु दोघांच्या वेतनाचा प्रारंभबिंदू आणि पुढचा पल्ला यांत मोठी तफावत आहे.

बढतीच्या नियमांतही फरक आहे. अधिकाऱ्याला दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे ठरलेल्या परीक्षा व अटी पूर्ण केल्या की कालबद्ध पद्धतीने मिळतात, आणि खरी चाळण कर्नलच्या निवडीपासून सुरू होते. जवानाची बढती रिक्त जागा, ज्येष्ठता आणि कॅडर, म्हणजे बढतीसाठीचे प्रशिक्षणवर्ग, यांवर अवलंबून असते. त्यामुळे एकाच दिवशी भरती झालेल्या दोन मित्रांपैकी, वेगवेगळ्या ट्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या प्रकारांत, गेल्याने एक आधी हवालदार होतो आणि दुसरा मागे राहतो, असे घडते. निवृत्तिवेतनासाठी जवानाची किमान पंधरा आणि अधिकाऱ्याची किमान वीस वर्षे सेवा व्हावी लागते. अल्पकालीन कमिशन घेतलेला अधिकारी दहा वर्षांनी, किंवा मुदतवाढ मिळाल्यास चौदा वर्षांनी, बाहेर पडतो आणि त्याला निवृत्तिवेतन मिळत नाही, ही गोष्ट बऱ्याच पदवीधरांच्या ध्यानात येत नाही.

जवानांच्या बाबतीत २०२२ पासून मूळ व्यवस्थाच बदलली आहे. त्या वर्षी जून महिन्यात जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार जवानांचा प्रवेश आता ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी होतो. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये व चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे एकत्रित वेतन असते, त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत जमा होते, सरकार तेवढीच भर घालते, आणि चार वर्षांनंतर व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात. निवृत्तिवेतन मिळत नाही. योजनेच्या मूळ घोषणेनुसार एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. याचा सरळ अर्थ असा, की वडील किंवा काका सुभेदार होऊन निवृत्त झाले म्हणून मुलाचाही प्रवास तसाच होईल असे आज गृहीत धरता येत नाही. चार वर्षांनंतर त्याच्या हातात काय असेल, याचा विचार भरतीपूर्वीच व्हायला हवा. हा विचार कोणाला सैन्यापासून परावृत्त करण्यासाठी नाही, तर बावीस-तेविसाव्या वर्षी घरी परतणाऱ्या तरुणाने दरम्यान शिक्षण सोडलेले नसावे, यासाठी आहे.

अधिकारी होण्याच्या वाटा

बारावीनंतरची मुख्य वाट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे ‘एनडीए’ची. केंद्रीय लोकसेवा आयोग तिची प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा घेतो, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते, आणि बारावीत शिकत असतानाही परीक्षा देता येते. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, हे पुष्कळांना माहीत नसते. नौदल व हवाई दलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. अर्थात कला शाखेच्या विद्यार्थ्याने हुरळून जाऊ नये, कारण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताला आहेत आणि ते सर्वांना सक्तीचे आहेत. उरलेल्या ६०० गुणांत इंग्रजी आणि सामान्य ज्ञान येते. प्रबोधिनीत तीन वर्षे आणि देहरादूनला एक वर्ष असे प्रशिक्षण होऊन बाविशीच्या आसपास कमिशन मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींनाही ही परीक्षा खुली झाली आणि सतरा मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

पदवीधरांसाठी ‘सीडीएस’ ही परीक्षा आहे, जिच्यातून देहरादूनच्या अकादमीत किंवा चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रवेश मिळतो. अभियंत्यांसाठी तांत्रिक पदवीधर प्रवेश, बारावीत भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित घेऊन जेईई मेन दिलेल्यांसाठी टेक्निकल एंट्री, आणि एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधरांसाठी स्वतंत्र प्रवेश असून या तिन्हींत लेखी परीक्षा नसते. महाविद्यालयात एनसीसी आहे आणि मुलगा तीत नाही, असे असेल तर ही चूक पहिल्या वर्षातच दुरुस्त करावी.

सगळ्या वाटा मात्र एकाच उंबरठ्यावर येऊन मिळतात, तो म्हणजे सेवा निवड मंडळाची, अर्थात ‘एसएसबी’ची, पाच दिवसांची मुलाखत. प्रयागराज, भोपाळ, बंगळूर आणि जालंधर अशा ठिकाणी ती होते. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाचे प्रश्न आणि एका धूसर चित्रावरून गोष्ट लिहून तिच्यावर गटात चर्चा, एवढ्यावरच मोठ्या संख्येने उमेदवार घरी पाठवले जातात. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी एकामागून एक चित्रे दाखवली जातात. प्रत्येक चित्र अर्धा मिनिट पडद्यावर राहते आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. त्यानंतर साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचे; मग साठ प्रसंग, तीस मिनिटे, अशा प्रसंगी काय कराल ते लिहायचे. पुढचे दोन दिवस मैदानावर दोरी, फळ्या आणि पिंपे देऊन गटाला अडथळे पार करायला सांगतात, आणि मधल्या वेळात प्रदीर्घ वैयक्तिक मुलाखत होते. शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय देतात.

येथे पाठांतर कामाला येत नाही. घरची शेती सांभाळत शिकलेला, गावच्या जत्रेची व्यवस्था पाहिलेला, पावसाळ्यात ओढ्याला पूर आला असता धाकट्यांना शाळेत पोहोचवलेला मुलगा या पाच दिवसांत शहरी मुलापेक्षा मागे पडण्याचे काहीच कारण नसते, कारण परीक्षकांना जबाबदारी अंगावर घेणारी आणि इतरांना बरोबर नेणारी व्यक्ती हवी असते. तो मागे पडतो तो इंग्रजी बोलण्याच्या धास्तीने. म्हणून मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याने दहावीनंतरच रोज थोडे इंग्रजी वाचणे, वर्तमानपत्रातील एखादी बातमी आपल्या शब्दांत मोठ्याने सांगणे आणि चूक होईल म्हणून न थांबणे, एवढी तयारी दोन वर्षे ठेवली तर ही अडचण बरीच ओसरते. शुद्ध उच्चारांचे येथे फारसे मोल नाही. म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

महाराष्ट्रातील उमेदवारांना या तयारीसाठी राज्य सरकारच्या दोन सोयी आहेत, ज्यांचा लाभ आवश्यक तेवढे लोक घेत नाहीत. पहिली, १९७७ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे सुरू झालेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. दहावीनंतर प्रवेशपरीक्षा व मुलाखतीने निवडलेली मुले तेथे राहून अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी करतात, आणि मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. दुसरी, नाशिक रोडचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र, जे एनडीए, सीडीएस इत्यादींची लेखी पायरी ओलांडून एसएसबीचे बोलावणे आलेल्या उमेदवारांसाठी निवास-भोजनासह विनामूल्य वर्ग चालवते. त्याची माहिती व शिफारस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते. हजारो रुपये घेऊन ‘हमखास निवड’ सांगणाऱ्या अकॅडमीत नाव घालण्यापूर्वी पालकांनी या कार्यालयात एक फेरी मारावी. सैन्यात, मग ती जवानांची भरती असो वा अधिकाऱ्यांची, पैसे देऊन निवड करून देणारा कोणीही मध्यस्थ नसतो. तसे सांगणारा माणूस फसवतो आहे असेच समजावे.

जवान म्हणून जायचे ठरल्यास

अधिकाऱ्याची वाट सर्वांना जमेल असे नाही, आणि सर्वांना हवी असेलच असेही नाही. ज्याला हातांनी काम करण्यात, शस्त्र आणि यंत्र यांवर हुकमत मिळवण्यात आणि आपल्या पलटणीच्या नावात समाधान आहे, त्याने जवान होण्याला दुय्यम मानू नये. जनरल ड्यूटीसाठी दहावी उत्तीर्ण, तांत्रिक विभागासाठी विज्ञान शाखेची बारावी, लिपिक पदासाठी चांगल्या गुणांची बारावी, अशा वेगवेगळ्या अटी आहेत. गुणांची टक्केवारी आणि वय त्या त्या वर्षीच्या अधिकृत जाहिरातीतूनच पाहावे. आता आधी संगणकावरील लेखी परीक्षा होते, तीही २०२५ पासून मराठीतून देता येते, आणि ती पार केलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. तेथे १.६ किलोमीटर धाव, बीमवरचे पुल-अप्स, नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. धावण्याची तयारी वर्षभर करून लेखीचे पुस्तक शेवटच्या महिन्यात उघडणारी मुले म्हणूनच मैदान पाहण्याआधीच बाद होतात. मुलींना जवान म्हणून सध्या सेना पोलीस दलात प्रवेश आहे.

जवानाला अधिकारी होता येते का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. सेवेची वर्षे भरत गेल्याने तसे आपोआप होत नाही. पण वाटा आहेत. निवृत्तीच्या सुमारास काही निवडक जेसीओंना प्रजासत्ताकदिनी वा स्वातंत्र्यदिनी मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केले जाते. हा सन्मान मोठा आहे, तथापि ती नव्या कारकिर्दीची सुरुवात नव्हे. खरी वाट देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची, जे १९७७ पूर्वी पुण्यात होते. वीस ते सत्तावीस वयाचा, बारावी झालेला आणि किमान दोन वर्षे सेवा केलेला जवान त्यासाठी परीक्षा देऊ शकतो. एसएसबी त्यालाही चुकत नाही, पण निवड झाली तर तीन वर्षांचे पदवीशिक्षण आणि अकादमीतील एक वर्ष संपल्यावर तो इतर कोणत्याही लेफ्टनंटाच्या बरोबरीचा लेफ्टनंट होतो. वयाने थोड्या अधिक असलेल्या जवानांसाठी आणि जेसीओंसाठीही विशेष कमिशनच्या स्वतंत्र योजना आहेत.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि घातलेले अडथळे त्यांनी गोळीबारात सलग काही दिवस दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीरचक्र मिळाले. सुरुंग हाताळण्याचे त्यांचे कसब सॅपर असतानाचे होते, आणि कोणत्या क्षणी काय धोका पत्करायचा हे ठरवण्याचा अधिकार नव्या सनदेचा.

आज जो जवान पलटणीत रुजू आहे आणि ज्याची अशी इच्छा आहे, त्याने बारावी राहिली असल्यास प्रथम ती पूर्ण करावी, कारण आर्मी कॅडेट कॉलेजच्या अर्जात अनेकांचे गाडे तेथेच अडते. आपल्या पलटणीतील सेना शिक्षण दलाच्या शिक्षकाकडून अभ्यासक्रम समजून घ्यावा. आणि अर्ज वरिष्ठांच्या शिफारशीने पुढे जात असल्याने आपली इच्छा कंपनी कमांडरच्या कानावर सुभेदार साहेबांमार्फत वेळेत घालावी. सत्ताविसावे वर्ष उलटेपर्यंत त्याच्या हाती जेवढे प्रयत्न आहेत, त्यांपैकी पहिला प्रयत्न शक्यतो विशीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच व्हावा.